शाळेच्या जोत्याखालून येणारा रेडॉन : तो मोजावा कसा आणि रोखावा कसा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेतली संगणकाची खोली गेल्या हिवाळ्यात पाहण्यात आली. बाकीचे वर्ग जुने, कौलारू आणि दोन्ही बाजूंना खिडक्या असलेले होते. ही एकच खोली अलीकडची, स्लॅबची होती. धूळ येऊ नये म्हणून खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लावलेली होती, चोरी होऊ नये म्हणून बाहेरून पत्रा ठोकला होता आणि दाराला दोन कुलपे होती. आत फरशी आणि भिंत जिथे मिळतात तिथे, जोते थोडे खचल्यामुळे, पोस्टकार्ड उभे घालता येईल एवढी फट पडली होती, आणि तिच्या कडेने मुंग्यांनी बारीक लाल मातीची रांग वर आणून ठेवली होती. ज्या वाटेने मुंगी माती घेऊन वर येते, त्याच वाटेने जमिनीतली हवाही खोलीत येते. त्या हवेबरोबर येणाऱ्या रेडॉन या किरणोत्सारी वायूविषयी, आणि शाळेच्या इमारतीत त्याचे काय करावे याविषयी, पुढे सविस्तर लिहिले आहे.

कोणत्याही शेतातल्या, अंगणातल्या किंवा मैदानातल्या मातीत थोडे युरेनियम असतेच. साधारण एक टन मातीत सरासरी तीन ग्रॅमच्या आसपास ते सापडते. हे युरेनियम अतिशय संथपणे स्वतःहून विघटित होत असते आणि त्या विघटनाच्या साखळीत एकामागून एक नवी मूलद्रव्ये तयार होतात. त्यांतल्या रेडियमपासून रेडॉन निर्माण होतो. या साखळीतली इतर सर्व मूलद्रव्ये घनरूप असल्यामुळे मातीच्या कणातच अडकून राहतात. रेडॉन तेवढा वायुरूप आहे, म्हणून तो कणाबाहेर पडून मातीतल्या पोकळ्यांमधून वर सरकू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही आणि तो कशाशी रासायनिक संयोगही सहसा करत नाही. त्याचे अर्धे अणू सुमारे ३.८ दिवसांत विघटित होऊन जातात. उघड्यावर आलेला रेडॉन वाऱ्याने पांगतो आणि तिथे त्याचा विचार करण्याचे कारण उरत नाही. जोत्याखाली साचलेला आणि फटीतून बंद खोलीत शिरलेला रेडॉन मात्र तिथेच राहतो.

त्याचे मोजमाप बेकरेल या एककात होते. एका सेकंदाला एक अणू विघटित झाला तर तो एक बेकरेल. हवेतला रेडॉन दर घनमीटरला किती बेकरेल आहे असे सांगण्याची रीत आहे. सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशा वर्गात १०८ घनमीटर हवा असते; तिथे रेडॉनची पातळी दर घनमीटरला १०० बेकरेल असेल, तर त्या वर्गात दर सेकंदाला १०,८०० अणू विघटित होत असतात. हा आकडा ऐकून दचकायला होते, पण एका घनमीटरमध्ये तेवढ्यासाठी रेडॉनचे जेमतेम पावणेपाच कोटी अणू पुरतात, आणि हवेच्या एकूण रेणूंच्या तुलनेत ते इतके नगण्य असतात की कोणत्याही नाकाला, डोळ्याला किंवा रासायनिक चाचणीला त्यांचा पत्ता लागत नाही. रेडॉन ओळखता येतो तो केवळ त्याच्या किरणोत्साराने. त्यामुळे ‘आमच्या शाळेत तसले काही नाही’ हे वाक्य मोजमाप झाल्याशिवाय कोणालाही म्हणता येत नाही, आणि ‘आमच्या शाळेत नक्की आहे’ हेही म्हणता येत नाही. जगभरातल्या घरांची सरासरी सुमारे ४० बेकरेल आहे आणि बाहेरच्या मोकळ्या हवेत ती साधारण ५ ते १५ असते.

अपाय कसा होतो, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. श्वासातून आत गेलेला बहुतेक रेडॉन उच्छ्वासातून तसाच बाहेर पडतो. खरा त्रास त्याच्या विघटनातून जन्मणाऱ्या पोलोनियमसारख्या घनरूप द्रव्यांचा आहे. ही द्रव्ये हवेतल्या धुळीच्या सूक्ष्म कणांना चिकटतात, कणांबरोबर श्वासनलिकेच्या अस्तरावर जाऊन बसतात आणि काही मिनिटांतच तिथे विघटित होऊन अल्फा कण सोडतात. अल्फा कणाला साधा कागद किंवा अंगावरची कातडी अडवते, म्हणून बाहेरून त्याची भीती नाही. श्वासनलिकेच्या नाजूक अस्तरावरच तो सुटला की मात्र मध्ये कातडी नसते आणि त्याची सगळी ऊर्जा शेजारच्या पेशींमध्ये उतरते. अशा आघातांतून क्वचित एखाद्या पेशीची जनुकीय रचना बिघडते आणि कित्येक वर्षांनंतर तिथे फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. रेडॉनमुळे डोके दुखत नाही, खोकला येत नाही, मुलाला ताप येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९८८ मध्ये रेडॉनला माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवले. फुप्फुसाच्या कर्करोगांपैकी ३ ते १४ टक्के रेडॉनमुळे होतात, असा संघटनेचा अंदाज आहे. देशागणिक घरांतली पातळी आणि धूम्रपानाचे प्रमाण बदलते, म्हणून हा टप्पा एवढा रुंद आहे.

निपाणी-चिकोडीच्या तंबाखूच्या पट्ट्यात हा विषय सांगताना धूम्रपानाचा उल्लेख टाळणे बरोबर होणार नाही. युरोपातल्या तेरा अभ्यासांची माहिती एकत्र करून २००५ मध्ये जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यानुसार कधीही धूम्रपान न केलेल्या एक हजार माणसांत वयाच्या पंचाहत्तरीपर्यंत फुप्फुसाच्या कर्करोगाने मरणाऱ्यांची संख्या रेडॉन शून्य असताना सुमारे ४, घरात १०० बेकरेल असताना ५ आणि ४०० बेकरेल असताना ७ इतकी येते. सतत सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये हेच आकडे १००, १२० आणि १६० असे आहेत. म्हणजे रेडॉनचा धोका धुराच्या धोक्यावर नुसता बेरजेने येत नाही, तो त्याच्या पटीत वाढतो. शाळेच्या आवारात विडी ओढली जात असेल, तर ती थांबवणे हे रेडॉनच्या कोणत्याही उपकरणापेक्षा आधी करण्याचे काम आहे. बिसीऊट, म्हणजे शाळेतले दुपारचे गरम जेवण, जिथे चुलीवर शिजते, तिथला धूर वर्गात शिरत असेल तर त्याचीही तितकीच निकड आहे.

किरणोत्सार म्हटले की बेळगावकडच्या माणसाला कारवारकडचा कैगा अणुवीज प्रकल्प आठवतो, नाही तर मोबाईलचा टॉवर. या दोन्हींचा रेडॉनशी संबंध नाही. १९८४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात स्टॅन्ली वॉट्रस नावाचे अभियंते लिमरिक येथील अणुवीज केंद्रात कामावर असताना तिथल्या किरणोत्सार तपासणाऱ्या दारातली धोक्याची घंटा वाजवू लागले, आणि आश्चर्य असे की केंद्र अजून सुरूच व्हायचे होते. शोध घेतल्यावर कळले की किरणोत्सार त्यांच्या अंगावर केंद्रातून नव्हे, तर घरातून येत होता. त्यांच्या घरातली पातळी दर घनमीटरला सुमारे एक लाख बेकरेल निघाली. खाणीत काम करणाऱ्यांना रेडॉन बाधतो हे त्याआधीही माहीत होते, पण राहत्या घराच्या पायाखालूनही एवढा रेडॉन येऊ शकतो हे जगाच्या लक्षात आले ते प्रामुख्याने या प्रसंगामुळे. माणसाला वर्षभरात निसर्गातून जो किरणोत्सार मिळतो, त्यातला जवळजवळ निम्मा वाटा रेडॉन आणि त्याच्या उत्पादितांचा असतो.

आता आपल्या जमिनीकडे पाहू. जिल्ह्याच्या उत्तरेला आणि पश्चिमेला दख्खनचा काळा पाषाण आहे. या खडकात युरेनियम कमी, टनाला एक ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही थोडे. बेळगाव शहर, खानापूर, जांबोटी या भागांत त्याच पाषाणाची झीज होऊन बनलेला जांभा आणि लाल माती आहे. गोकाकला घटप्रभा ज्या कड्यावरून उडी घेते तो कलादगी थराचा वालुकाश्म आहे, आणि आग्नेयेला बैलहोंगल-कित्तूरच्या बाजूला धारवाडी थराचे फार जुने खडक लागतात. बैलहोंगल तालुक्यात देशनूरच्या परिसरात अणुखनिज संचालनालयाला वालुकाश्मात युरेनियमचे साठे आढळले आहेत, ही माहिती त्या भागातल्या लोकांना वर्तमानपत्रांतून परिचित आहे. यावरून काळ्या पाषाणावरच्या शाळा निर्धोक आणि देशनूरकडच्या धोक्यात, असा सरळ हिशोब मांडण्याचा मोह होतो. तो हिशोब चुकीचा आहे. खडकात युरेनियम किती यापेक्षा त्यातून सुटलेला वायू वर येण्यास वाट किती आहे, याला बरेच महत्त्व असते. जांभा सच्छिद्र असतो, पाषाणाला भेगा असतात, आणि जोत्यात भरलेला मुरूम तर पोकळच असतो. एकाच आवारातल्या दोन खोल्यांचे आकडेही एकमेकांच्या कित्येक पट निघालेले जगात ठिकठिकाणी दिसतात. नकाशा पाहून कोणत्या तालुक्यातून मोजणीची सुरुवात करावी हे ठरवता येईल. शाळेचा आकडा मात्र शाळेतच मोजावा लागतो.

इमारतीचे वागणे हा या विषयाचा गाभा आहे, असे मला वाटते. खोलीतली हवा बाहेरच्यापेक्षा थोडी उबदार असली की ती वर चढते आणि छपराच्या फटींतून निघून जाते. तिची जागा भरायला खालून, दारातून, खिडकीतून हवा ओढली जाते. दारे-खिडक्या बंद असतील तर ही ओढ फरशीच्या फटींवर पडते. हा दाबातला फरक अगदी किरकोळ असतो, पण तो रात्रभर टिकतो. म्हणून संध्याकाळी कुलूप लागल्यापासून सकाळपर्यंत वर्गातला रेडॉन वाढत जातो आणि सकाळी दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडल्यावर थोड्याच वेळात तो बऱ्याच प्रमाणात ओसरतो. जुन्या कौलारू वर्गात कौलांच्या खालून हवा खेळती असते, त्यामुळे तो वर्ग जुनाट दिसला तरी या बाबतीत बहुधा बरा निघतो. काळजीने पाहायची ती संगणकाची खोली, पुस्तकांची खोली, पडदे लावलेला स्मार्ट क्लास, शहरातल्या काही शाळांमधले तळघरातले वर्ग आणि वातानुकूलित कार्यालय. वरच्या मजल्यावर जमिनीतला वायू क्वचितच पोहोचतो, त्यामुळे मोजणी तळमजल्यापासून सुरू करावी.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण ती चांगल्या हेतूने उलटी केली जाते. कोंदट खोलीत हवा बाहेर फेकणारा एग्झॉस्ट पंखा बसवला आणि आत ताजी हवा यायला झरोका ठेवला नाही, तर पंखा खोलीतला दाब आणखी कमी करतो आणि जोत्याखालची हवा जास्त जोराने वर ओढतो. तोच पंखा उलटा बसवून बाहेरची हवा आत ढकलली, किंवा समोरच्या भिंतीत पुरेशी जाळी ठेवली, तर परिणाम हवा तसा मिळतो.

मोजणीची पद्धत वाटते त्याहून साधी आहे. भारतात यासाठी बहुतेक वेळा एक छोटी प्लास्टिकची डबी वापरतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने तयार केलेली सूक्ष्म छिद्रांची डबी देशभरातल्या विद्यापीठांमध्ये वापरली जाते, आणि कर्नाटकात मैसूर विद्यापीठातले संशोधक घरांमधला रेडॉन अनेक वर्षे मोजत आले आहेत. डबीच्या आत लहान आकाराची लालसर रंगाची पातळ फिल्म असते. तिला वीज लागत नाही, आवाज नाही, दिवा नाही. डबीत शिरलेला रेडॉन विघटित होताना सुटलेला अल्फा कण फिल्मवर आदळून अदृश्य ओरखडा उमटवतो. तीन महिन्यांनी फिल्म काढून कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात बुडवली की ओरखड्यांच्या जागी बारीक छिद्रे पडतात, आणि ती लाल फिल्म प्रकाशात धरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर संध्याकाळच्या आभाळात तारे दिसावेत तशी पांढरी टिंबे दिसतात. ती टिंबे मोजून त्या तीन महिन्यांतली सरासरी पातळी काढतात. सातवी-आठवीच्या मुलांना किरणोत्सार डोळ्यांनी दाखवण्याचे याहून चांगले साधन माझ्या पाहण्यात नाही.

डबी कुठे टांगावी याला नियम आहेत आणि ते पाळले नाहीत तर आकडा निरर्थक ठरतो. ती मुलांच्या श्वासाच्या उंचीच्या जवळपास असावी, जमिनीपासून किमान अर्धा मीटर वर, खिडकी-दारापासून मीटरभर लांब, आणि कपाटात किंवा पंख्याच्या झोतात नसावी. भिंतीला तर ती चिकटवूच नये. जांभ्याच्या चिऱ्यांत आणि मातीच्या भिंतीत थोरियमही असते आणि त्यातून थोरॉन नावाचा रेडॉनचाच भाऊबंद निघतो; त्याचे अर्धे अणू ५६ सेकंदांतच विघटित होत असल्यामुळे तो भिंतीपासून फार लांब जात नाही, पण भिंतीला लावलेल्या साध्या डबीचा आकडा फुगवतो. गिलावा आणि रंग नीट असलेल्या भिंतीतून तो बराच कमी येतो. दर दहा डब्यांमागे एका ठिकाणी दोन डब्या शेजारी-शेजारी लावाव्यात. दोन्हींचे आकडे जुळले तर मोजणीवर भरवसा ठेवता येतो.

काळ निवडताना आपल्याकडचे हवामान ध्यानात घ्यावे. एकदाच मोजता येणार असेल तर दसऱ्याच्या सुटीनंतरचे, नोव्हेंबर ते जानेवारी हे महिने घ्यावेत, कारण थंडीमुळे खिडक्या बंद असतात आणि जमिनीतली ओढ वाढलेली असते. खानापूर-कणकुंबीच्या पावसाच्या पट्ट्यात मात्र जुलै ते सप्टेंबरही मोजावे. तिथे आवारातली माती पाण्याने गच्च भरते, वायूला वर यायला मोकळी जागा उरत नाही आणि जोत्याखालची कोरडी जागा तेवढी त्याला सापडते. शिवाय पावसाच्या सरी आत येतात म्हणून खिडक्या लावलेल्या असतात. एप्रिल-मे मध्ये कुलूपबंद शाळेत मोजलेला आकडा मुलांच्या श्वासाविषयी काहीच सांगत नाही.

हाच मुद्दा थोडा पुढे नेला पाहिजे. शाळा दिवसाला सहा तास आणि वर्षाला सुमारे २२० दिवस भरली तर ते १,३२० तास होतात, म्हणजे वर्षाच्या ८,७६० तासांपैकी सुमारे १५ टक्के. डबी मात्र चोवीस तास मोजते आणि तिच्यात बंद शाळेच्या रात्रीही जमा होतात. त्यामुळे डबीचा आकडा जास्त आला तर लगेच वर्ग रिकामा करण्याची गरज नसते. तासातासाची नोंद ठेवणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र आठवडाभर त्या खोलीत ठेवून शाळेच्या वेळेत पातळी किती असते हे पाहावे. सकाळी दहा वाजता ती खाली येत असेल तर चित्र एक आहे, आणि मुले बसलेली असतानाही ती वरच असेल तर चित्र वेगळे आहे.

किती म्हणजे जास्त? जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरांसाठी १०० बेकरेल ही मर्यादा सुचवली आणि ती पाळणे शक्य नसेल तिथेही ३०० च्या वर जाऊ नये असे म्हटले. अमेरिकेत १४८ ला दुरुस्ती करतात. तिथल्या पर्यावरण संस्थेने १९९३ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत जवळजवळ दर पाच शाळांमागे एका शाळेत निदान एक खोली त्या पातळीच्या वर निघाली. आयर्लंडने १९९८ ते २००४ या काळात देशभरातल्या शाळा मोजल्या आणि एक व्यवहार्य रीत घालून दिली : २०० ते ४०० बेकरेल असलेल्या वर्गांत हवा खेळती करायची, आणि त्याहून वर असलेल्या वर्गांच्या फरशीखालून वायू उपसायचा. आपल्या एसडीएमसीला, म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीला, हीच विभागणी वापरता येईल, फक्त १०० च्या वर आकडा आला की खिडक्यांची आणि फटींची दुरुस्ती तेव्हाच करून घ्यावी, असे मी म्हणेन, कारण ती दुरुस्ती ओल आणि वाळवीसाठीही लागतेच.

फट बुजवताना सिमेंटचा लेप ओढून चालत नाही. सिमेंट सुकताना आकसते आणि वर्षभरात त्याच जागी केसाएवढी रेघ पडते. आधी फट खरवडून मातीची भुकटी काढून टाकावी, ती कोरडी होऊ द्यावी आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे लवचिक पॉलियुरेथेन सीलंट आतपर्यंत भरावे. विजेचे किंवा पाण्याचे पाइप जिथे फरशीतून वर येतात, तिथला गोल गाळा लोकांच्या नजरेतून नेहमी सुटतो.

फरशीखालून वायू उपसणे हे गवंडी आणि प्लंबर मिळून करू शकतील असे काम आहे. फरशीला चार इंची भोक पाडून खालचा बादलीभर मुरूम काढून खळगा करतात, त्यात पीव्हीसी पाइप उभा करून भोवतीची फट बंद करतात, पाइप भिंतीलगत छपराच्या वर नेतात आणि वाटेत चोवीस तास चालणारा छोटा पंखा बसवतात. त्यामुळे जोत्याखालचा दाब खोलीपेक्षा कमी होतो आणि हवेचा प्रवाह उलटतो. वीज गेली की पंखा थांबतो आणि काही तासांत पातळी पुन्हा चढू लागते, म्हणून खिडक्या उघडण्याची सवय सुटता कामा नये. पावसाळ्यात खळग्यात पाणी साचत असेल तर आधी आवारातल्या पाण्याचा निचरा करावा लागेल. नवीन खोली बांधताना मात्र हे सगळे स्वस्तात होते : फरशीखाली वीतभर जाडीचा जाड खडीचा थर, त्यावर जाड प्लास्टिकची अखंड चादर आणि खडीतून वर काढून टोपण लावून ठेवलेला पाइप. जोते भरायच्या आधी कंत्राटदाराशी हे बोलून घ्यावे.

बोअरवेलच्या पाण्यातही रेडॉन विरघळलेला असू शकतो, पण त्यामुळे खोलीच्या हवेतली पातळी पाण्यातल्या पातळीच्या साधारण दहा हजारांश एवढीच वाढते, आणि पाणी टाकीत उंचावरून पडले, खळाळले किंवा उकळले तर बराचसा निघून जातो. ओट्याच्या ग्रॅनाइटमधून येणारा रेडॉन सहसा किरकोळ असतो. या दोन्हींकडे जमिनीची मोजणी झाल्यानंतर पाहावे.

मोजणी झाल्यावर खोलीचे नाव, डबी लावल्याची व काढल्याची तारीख, तिची जागा, त्या काळात खिडक्या किती वेळ उघड्या होत्या आणि आलेला आकडा हे सगळे शाळेच्या नोंदवहीत लिहून पालकांच्या सभेत वाचून दाखवावे, आकडा कमी असला तरी. दुरुस्ती केल्यावर त्याच जागी, त्याच ऋतूत पुन्हा डबी लावावी. पुढे कधी फरशी बदलली, कौले काढून स्लॅब टाकला, खिडक्या बुजवल्या किंवा वर्गाची संगणक खोली केली, तर जुना आकडा रद्द समजून नवी मोजणी करावी.